गळ, तरंगा आणि घरचे तळे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शेततळ्यातल्या पाण्याच्या हिशोबाविषयी लिहिताना, संध्याकाळी तळ्याच्या काठी गळ टाकून बसण्याची मला जुनी सवय आहे, असे एक वाक्य माझ्याकडून सहज लिहिले गेले. पाण्याच्या हिशोबाविषयी दोन पत्रे आली आणि त्या एका वाक्याविषयी चौदा. तेव्हा या वेळचे सदर त्या वाक्यालाच देणे भाग आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि मिळतेजुळते प्रश्न एकत्र घेतले आहेत.

साक्री तालुक्यातील एक शेतकरी वाचक लिहितात : मागच्या उन्हाळ्यात आम्ही कुटुंबासह कुलू-मनालीला गेलो होतो. तेथे एका तळ्यावर पैसे भरून गळ टाकायला मिळाला आणि माझ्या मुलाने पाऊण किलोचा ट्राउट काढला. पाठीवर काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा, असा देखणा मासा मी आजवर पाहिला नव्हता. आमच्याकडे ३० बाय ३० मीटरचे मातीचे शेततळे आहे. धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. मग निदान थंडीचे चार महिने तरी आमच्या तळ्यात ट्राउट सोडता येईल का?

नाही. इतके सरळ उत्तर देताना मलाही वाईट वाटते, कारण तुम्ही त्या माशाचे वर्णन ज्या प्रेमाने केले आहे ते वाचून माझेही मन क्षणभर तिकडे जाऊन आले. तो रेनबो ट्राउट. त्याचे मूळ घर उत्तर अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडच्या नद्यांत आहे, आणि त्याला थंड पाणी लागते असे जेव्हा म्हणतात, तेव्हा त्या 'थंड'चा अर्थ आपण खान्देशातले लोक समजतो त्यापेक्षा बराच कडक असतो. पाणी १० ते १८ अंश सेल्सिअस असेल तर तो सुखाने खातो आणि वाढतो. २० अंशांच्या वर त्याचे खाणे मंदावते आणि २५ अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. नुसत्या उकाड्याचा हा प्रश्न नाही, तो प्राणवायूचा आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. पाणी तापले की एकीकडे माशाच्या शरीराची मागणी वाढते आणि दुसरीकडे पाण्यातला साठा घटतो. आपल्या रोहू-कटल्याला साडेसातात भागवता येते. ट्राउटला येत नाही.

आता तुमच्या थंडीच्या हिशोबाकडे वळू. पारा सहावर उतरतो तो पहाटेच्या हवेचा, आणि तोही चार-दोन दिवस. पाणी हवेइतके झटपट निवत नाही. एका जानेवारीत, यावल भागातल्या एका मित्राच्या तळ्यात, मी पहाटे साडेपाच वाजता दोरीला थर्मामीटर बांधून सोडला होता; हवा ९ अंश होती, तोंडातून वाफ निघत होती, आणि पाणी १९ अंश दाखवत होते. दुपारी ऊन चढल्यावर वरचा थर तेवीसच्या पुढे गेला. म्हणजे आपल्या ऐन थंडीतला उत्तम दिवस हा ट्राउटच्या दृष्टीने उन्हाळ्यातला वाईट दिवस ठरतो. शिवाय चार महिन्यांत तो मोठाही होत नाही. बोटाएवढ्या पिल्लापासून ताटात येण्याजोगा होईपर्यंत त्याला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते. आणि तुम्ही जे तळे पाहिलेत ते दिसायला तळे असले तरी बहुधा त्याच्या एका बाजूने ओढ्याचे बर्फाळ पाणी आत येत असेल आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असेल. आपल्या शेततळ्यातले पाणी पावसाळ्यात एकदा भरते आणि मग पुढचे आठ महिने जागच्या जागी असते.

तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुढे पुन्हा लागेल. ट्राउट हिमालयातलाही नव्हे. इंग्रज साहेबांना सुट्टीच्या दिवशी गळ टाकण्यासाठी आपल्या ओळखीचा मासा हवा होता, म्हणून त्यांनी तो बोटीवरून, बर्फात जपलेल्या अंड्यांच्या रूपाने आणला. काश्मीरमध्ये ब्राऊन ट्राउट १९०० मध्ये रुजला, कुलूच्या खोऱ्यात तो १९०९ च्या सुमारास पोचला, आणि निलगिरीत रेनबो ट्राउट त्याच दशकात स्थिरावला. तेव्हा भारतात तुम्ही कोठेही ट्राउट पाहिलात, तरी तो कोणीतरी कधीतरी सोडलेला किंवा सोडलेल्याचा वंशज असतो. मुलाला सांगा, त्याने पकडलेला मासा तुमच्याच इतका तिथे पाहुणा होता.

आणखी एक विनंती. बाहेरचा मासा आणण्याची हौस ट्राउटवर थांबत नाही. दरवर्षी कोणीतरी 'झपाट्याने वाढतो' म्हणून आफ्रिकन मांगूर आणून सोडतो. त्या माशाच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, आणि ती योग्यच आहे; जोराचा पाऊस झाला की तळे फुटून वाहते, तो नाल्यात जातो, नाल्यातून पांझरा नदीत, आणि मग वाटेत येईल तो लहान मासा खात सुटतो.

शहादा येथून एक वाचक विचारतात : तोरणमाळ थंड आहे. तेथील यशवंत तलावात ट्राउट जगेल का?

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंच आहे. ज्या उटीच्या आसपास ट्राउट टिकला ती सुमारे २,२४० मीटरवर आहे. तोरणमाळला आपण मे महिन्यात शालीशिवाय झोपतो, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

जळगावच्या एक निवृत्त शिक्षिका लिहितात : आपणच विकत आणून सोडलेला, आपणच पेंड घालून वाढवलेला मासा आपणच गळाने काढायचा, यात मौज कसली? कोंबडीच्या खुराड्यात हात घालून कोंबडी धरणे आणि हे, यात फरक काय? माझे यजमान दर रविवारी भावाच्या तळ्यावर चार-चार तास बसतात आणि बहुधा रिकाम्या हाताने येतात, म्हणून ही शंका.

बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. खुराड्यात हात घालणारा रिकाम्या हाताने परत येत नाही.

माझे लहानपण गिरणेच्या काठी गेले. नदीत गळ टाकणाऱ्याला एक मोठी सोय असते : काही लागले नाही तर 'आज डोहात मासाच नव्हता' असे म्हणून तो ताठ मानेने घरी येऊ शकतो, आणि ते कोणाला खोडून काढता येत नाही. तळ्यावर ही सोय नाही. तीनशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, मोजून सोडलेली आहेत, रोज सकाळी पेंड टाकताना ती डोळ्यांना दिसतात, संध्याकाळी एखादा कटला पाण्याबाहेर उडी मारून आपली लांबी-रुंदीही दाखवून जातो. मासा आहे, हे नक्की आहे. तरीही चार तास बसून तो लागला नाही, तर दोष पाण्याला देता येत नाही, नशिबाला देता येत नाही. आपण चुकलो, एवढेच उरते. कोठे चुकलो, हे शोधण्यात पुढचा रविवार जातो. तुमच्या यजमानांना चार तास बसवून ठेवते ते हे. माझ्या मते सोडलेल्या तळ्याची खरी मौज हीच आहे, आणि ती नदीच्या मौजेपेक्षा कमी नाही, निराळी आहे.

ही चूक शोधायची म्हणजे काय करायचे, ते थोडे सांगतो. तळे वरून सगळीकडे सारखे दिसते, पण माशाला ते सारखे नसते. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाशी पृष्ठभागावरचे किडे, पानांचा चुरा, शेवाळाचे तुकडे गोळा होतात, आणि मासेही तिकडे सरकतात. नवखा माणूस मात्र तोंडावर वारा नको म्हणून नेमका पाठीशी वारा घेऊन समोरच्या रिकाम्या काठावर बसतो. उन्हाळ्याच्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात, तेव्हा हौशी माणसाला वाटते की आज काय भूक लागली आहे यांना. ती भूक नसते. रात्रभर पाण्यातली वनस्पती आणि शेवाळसुद्धा प्राणवायू वापरत असतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी उरलेला असतो आणि मासे अक्षरशः श्वासासाठी वर आलेले असतात. अशा वेळी त्यांच्यासमोर काहीही धरा, ते खाणार नाहीत. ऊन चांगले वर येऊ द्यावे, साडेआठ-नऊनंतर बसावे. थंडीत तर दुपारच मानवते.

आणि मग तरंगा, म्हणजे गळाच्या दोऱ्याला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा. ज्याने कधी गळ टाकला नाही त्याला सांगणे अवघड आहे, की ज्वारीच्या वाळलेल्या ताटाच्या बोटभर तुकड्याकडे माणूस दोन तास कसा पाहू शकतो. पण तो तुकडा बोलतो. तिलापिया असला, ज्याला आपल्या बाजारात चिलापी म्हणतात, तर तरंगा टुक-टुक-टुक असा एकसारखा नाचतो. पोरे दारावर टिचक्या मारून पळतात तसा. मृगळ तळाशी चरत येतो, तेव्हा आधी बारीक बुडबुड्यांची रांग दिसते आणि ती हळूहळू आपल्याकडे सरकते. त्या अर्ध्या मिनिटात माझे तरी हृदय कानात वाजते. रोहू एकदा हलकेच ओढून सोडतो, पुन्हा ओढतो, पुन्हा सोडतो, आणि तिसऱ्या वेळी तरंगा बुडत नाही, तर तिरका होऊन बाजूला चालू लागतो. ओढायचे ते तेव्हा. त्याच्या आधी ओढले की आमिष निसटते, त्याच्या नंतर ओढले की त्याला गळ टोचलेला असतो आणि त्याने तो थुंकून टाकलेला असतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, या बाबतीत सगळ्यांचा गुरू आहे. एकदा गळ लागून सुटला की तो त्या आमिषाकडे बरेच दिवस फिरकत नाही. म्हणजे तुम्ही त्याला पेंड घालून वाढवता, आणि तो तुमच्याकडूनच शिकतो.

मात्र तुमच्या शंकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी मी हिमाचलात तीर्थन नदीवर मत्स्य विभागाचा परवाना काढून दोन दिवस बसलो. एकही ट्राउट लागला नाही, पण ते दोन दिवस मला आजही घटकेघटकेने आठवतात. परतीच्या वाटेवर एका तळ्यात पैसे भरून गळ टाकला, तर पंधरा मिनिटांत दोन लागले. तेथे मासे इतके दाटीने भरले होते आणि वरून पडणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांना इतके सरावले होते, की पाण्यावर सावली पडली तरी ते तोंडे वर करून येत. ते तळे म्हणजे तुमचे खुराडेच होते. मासे सोडलेले होते म्हणून मौज गेली असे नव्हे, फार सोडले होते म्हणून गेली. साक्रीच्या वाचकांच्या मुलाला अर्थात हे सांगू नये. आयुष्यातल्या पहिल्या माशाला हा नियम लागू नाही.

'नदीतला मासा तो खरा' असे म्हणणाऱ्यांसाठी एक निरोप. गिरणा धरण १९६९ मध्ये पुरे झाले, त्यानंतर खालच्या नदीचे पाणी आवर्तनांवर, म्हणजे धरणातून पाळीपाळीने सोडण्यावर, आले, आणि उन्हाळाभर टिकणारे डोह एकेक करून गेले. आज गिरणा धरणात किंवा तापीवरच्या हतनूरला जो रोहू-कटला जाळ्यात येतो, तोही बहुतेक मत्स्यबीज सोडूनच वाढवलेला असतो. मोठ्या तळ्यात सोडलेला मासा रानचा आणि लहान तळ्यात सोडलेला पाळीव, असा भेद करायचा असेल तर खुशाल करावा.

आणि ही हौस साहेबाकडून आली असे समजण्याचेही कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, मत्स्यविनोदाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मासे कोणते, त्यांना खाद्य कोणते घालावे, गळ कसा टाकावा हे सगळे त्यात आहे. राजाला माशांची वाण खासच नव्हती. तरी तो काठी घेऊन बसत होता.

चोपडा येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थी विचारतो : काकांच्या मातीच्या तळ्यात फक्त गळाच्या हौसेसाठी मासे सोडायचे आहेत. कोणते सोडावेत, किती सोडावेत, आणि आमिष काय लावावे?

फक्त हौसेसाठी सोडणार आहेस हे आधीच सांगितलेस, ते बरे केलेस, कारण विक्रीसाठीचा हिशोब वेगळा असतो. उत्पादनासाठी हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडण्याची शिफारस असते. म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला साडेचारशे ते नऊशे. गळासाठी मी तीनशेच्या वर जाणार नाही. जाती मात्र नेहमीच्याच आणि नेहमीच्या प्रमाणात घ्याव्यात : दहात चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात फिरतो, मृगळ तळ चाळतो. त्यामुळे एकाच तळ्यात तुला तीन निरनिराळ्या खोलींवर तीन निरनिराळे खेळ मिळतात. यांच्या जोडीला दहा-पंधरा सायप्रिनस टाक, पण त्याहून जास्त नको. तो काठ उकरतो आणि पाणी गढूळ करतो.

रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात वीण करीत नाहीत, त्यांना पावसाळ्यात वाहते पाणी लागते. म्हणून बीज दर वेळी बाहेरूनच आणावे लागते. पूर्वी ते नद्यांच्या पुरातून गोळा करीत, आणि त्यात कोणते पिल्लू कशाचे हे देव जाणे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण साचलेल्या पाण्यात घडवून आणली, तेव्हापासून खात्रीचे बीज केंद्रांवर मिळू लागले. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

'खात्रीचे' हा शब्द मी लिहिला खरा, पण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. पहिल्या वर्षी मी केंद्रावर न जाता, मोटारसायकलवर डबे लावून गावोगाव फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून पाचशे 'रोहू' घेतले. दिवाळीपर्यंत तरंगा रोज नाचत होता आणि मी रोज खुशीत होतो. दिवाळीनंतर लक्षात आले, की त्यातले निम्म्याहून अधिक चिलापी होते, त्यांनी तळ्यातच वीण केली होती, आणि पाणी तळहाताएवढ्या हजारो माशांनी भरले होते. तळे पूर्ण आटल्याशिवाय त्यातून सुटका झाली नाही. तेव्हा बीज सरकारी किंवा नोंदणीकृत केंद्रावरून घ्यावे, जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्ले, न घेता बोटाएवढी वाढलेली बोटुकलीच घ्यावीत, आणि पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून आतले आणि बाहेरचे पाणी सारखे झाल्यावरच तिचे तोंड उघडावे. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेस तर पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गळाला लागण्याजोगे होतील. मधल्या काळात धीर धरणे हाही या हौसेचाच भाग आहे.

सामानावर पैसे उधळू नकोस. दुकानातली चकचकीत काठी आणि रीळ नंतर घेता येईल. सध्या दहा फुटांचा वाळलेला, निमुळता वेळू, तेवढाच लांब चार-पाच किलो ताणाचा तंगूस (नायलॉनचा दोरा), ज्वारीच्या ताटाचा किंवा शेवरीच्या भेंडाचा तरंगा, मुगाएवढे शिसे आणि बारीक गळ एवढे पुरते. रिळाशिवाय मासा ओढताना काठीचे शेंडे आणि मनगट यांनाच सगळे सोसावे लागते, आणि किलोभराचा रोहू तेवढ्यात तुला बरेच काही शिकवतो. गळाच्या टोकामागे जी उलटी नखी असते ती पक्कडीने दाबून सपाट कर. मासा सुटण्याची शक्यता थोडी वाढते, पण माशाच्या ओठातून आणि, अनुभवाने सांगतो, स्वतःच्या अंगठ्यातून गळ काढणे फार सोपे जाते.

आमिषाबद्दल प्रत्येकाचे गुपित असते. माझे येथे उघड करतो. दादरचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, पीठ दोन वाट्या, भुईमुगाची पेंड बारीक कुटून एक वाटी, चिमूटभर हिंग, आणि मळायला कोमट पाणी. गोळा कणकेपेक्षा घट्ट हवा, बोटाला चिकटता कामा नये. गळावर वाटाण्याएवढाच लावायचा, आणि बसण्याआधी त्याच जागी मूठभर कोरडी पेंड पाण्यात भिरकावून ठेवायची. घरात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, शिळी भाकरी असेल तर ती कुस्करून मळलेलीही चालते. उडदाच्या चिकटपणामुळे ती गळावर छान बसते, आणि मृगळाला तर पेंडीपेक्षा ती जास्त आवडते असे माझे मत आहे. माझा मित्र हे मत हसण्यावारी नेतो. गांडूळ सगळ्यांना चालते, पण गांडूळ लावले की आधी चिलापीच येतो.

रावेर येथील एक केळी-बागायतदार विचारतात : आमचे शेततळे प्लॅस्टिकच्या अस्तराचे आहे. त्यात गळ टाकता येईल का? मुलांना फार हौस आहे.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून आधी मुलांचे सांगतो. अस्तराच्या तळ्याचा उतार शेवाळाने साबणासारखा होतो आणि पोहता येणारा मोठा माणूसही त्यावरून स्वतःहून वर चढू शकत नाही. आपल्या भागात अशा तळ्यांत माणसे बुडण्याच्या घटना घडलेल्या आहेत. तळ्याला कुंपण हवे, चारही बाजूंना वरून खाली सोडलेले गाठींचे दोर हवेत, काठावर हवा भरलेली ट्यूब हवी, आणि मुले एकटी तेथे कधीही नकोत. हे होईपर्यंत गळाची गोष्टच काढू नका.

आता अस्तराचे. गळ तळाशी गेला, अडकला आणि तुम्ही झटका दिला, तर अस्तराला छिद्र पडते. मी स्वतः हे पाप केले आहे, तेही दुसऱ्याच्या तळ्यात. यजमान तोंडाने 'असू द्या' म्हणाले, पण त्यानंतर मला तिथे चहाच काय तो मिळाला, गळ टाकायला मिळाला नाही. म्हणून अशा तळ्यात तरंगा वर बांधून गळ फार तर दोन-तीन फूट खोल ठेवावा आणि फक्त कटला-रोहूच्या मागे लागावे. तळाशी माती नसल्याने मृगळाला तिथे फारसे चरायलाही मिळत नाही, त्यामुळे नुकसान नाही.

भुसावळ येथील एक वाचक विचारतात : आमच्याकडे तळे नाही. हतनूरच्या पाण्यात काठावरून गळ टाकला तर चालेल का?

जलाशयांतल्या मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो, आणि तेथे बीज सोडण्याचा खर्चही त्यांनीच केलेला असतो. धरणावर जाऊन भोई मंडळींना कोणती संस्था आहे ते विचारा, संस्थेकडून रीतसर परवानगी घ्या, आणि मग बसा. माझा अनुभव असा, की जाळे टाकणारा माणूस गळवाल्याकडे थोड्या दयेने पाहतो. नावेतून जाताना 'लागना का भो?' असे हमखास विचारतो, आणि आपण मान हलवली की कोठे बसावे ते फुकट सांगूनही जातो. मात्र कोणी स्फोटके किंवा विषारी औषध वापरताना दिसला तर गप्प राहू नका. १८९७ च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे.

अमळनेर येथून एक वाचक लिहितात : आमचे घर माळकरी. मला गळाची हौस आहे, पण मासा घरात आणता येत नाही. पकडून परत सोडला तर चालेल का? आणि तो जगतो का?

चालेल की नाही, हे तुमच्या घरच्यांनी ठरवायचे. माशाला टोचते हे खरेच आहे आणि मी ते नाकारणार नाही. जगतो का, हे मात्र सांगता येईल : तुम्ही कसा सोडता त्यावर ते आहे. नखी दाबलेला गळ वापरा. मासा ओढण्यात उगाच वेळ घालवू नका. दमवून दमवून काढलेला मासा सोडल्यावर पोहत गेला तरी तासाभराने उलटा होऊ शकतो. हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तेथून रोग शिरतो. त्याला तापलेल्या मातीवर टाकू नका, कल्ल्यांत बोटे घालू नका, फोटोसाठी उचलून धरू नका. शक्य तर पाण्यातच ठेवून गळ काढा. एप्रिल-मेमध्ये पाणी तीसच्या वर गेले, की हा खेळ बंदच ठेवा. त्या दिवसांत प्राणवायू इतका कमी असतो, की दमलेला मासा सावरत नाही. हिमाचलात ट्राउटच्या विणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी गळ बंद असतो. आपण आपल्यापुरता उन्हाळा पाळावा.

सोडताना त्याला पोटाखालून हलकेच आधार देऊन पाण्यात सरळ धरा आणि थांबा. आधी कल्ले भराभर हलतात, मग संथ होतात, आणि मग तो स्वतः शेपटीचा एक फटका मारून तुमच्या हातातून निघून जातो. त्याने जावे, आपण ढकलू नये.

घरच्यांचे म्हणाल, तर माझी आजीही माळकरी होती. मी मासे आणतो म्हणून ती माझ्याशी अबोला धरी, आणि गिरणेवर मी एकटा बुडेन या धास्तीने माझ्या मागोमागही येई. काठावरच्या खडकावर माळ ओढत बसलेली असे, पण डोळे तरंग्यावर असत, आणि तरंगा तिरका झाला की माझ्या आधी तीच ओरडे, 'वढ रे!'